दुल्हाभाईची अरबी

माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्याने मला कोर्टात चोर ठरवलं, आणि तेही माझ्याच तोंडून. मी मराठीत बोलत होतो आणि तो ते अरबीत काझींना सांगत होता. त्या खोलीत आम्हा दोघांखेरीज मराठी कोणालाच कळत नव्हती. त्यामुळे तो जे सांगेल तेच माझं म्हणणं.

मी त्याला दुल्हाभाई म्हणायचो. आमच्या कोकणी मुसलमानांत बहिणीच्या नवऱ्याला असंच म्हणतात. आज इतक्या वर्षांनी त्याचा विषय निघाला तरी तोंडात तोच मानाचा शब्द येतो आणि माझा मलाच राग येतो.

रत्नागिरीच्या खाडीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे त्याचं. चुलत बहिणीला मी आपा म्हणतो. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. दुल्हाभाई उत्तरेकडच्या मदरशात राहून अरबी शिकून आला होता, नुसती वाचायची नाही, बोलायचीसुद्धा. त्या जोरावर त्याला सौदीत रियाधच्या दक्षिणेला, अल खर्जच्या बाजूच्या एका मोठ्या दुधाच्या फार्मवर पर्सोनेल ऑफिसात नोकरी लागली. मी आयटीआयमधून रेफ्रिजरेशन करून घरी बसलो होतो. त्याने माझ्यासाठी व्हिसा काढला. हे मी लपवत नाही. मला तिथे नेलं ते त्यानेच.

फार्म म्हणजे वाळवंटात पत्र्याच्या लांबच लांब शेड, त्यांत पाण्याच्या फवाऱ्याखाली उभ्या गायी, शेजारी दूध भरायचा प्लँट आणि त्याला लागून कोल्ड स्टोअर. कोल्ड स्टोअरचे कॉम्प्रेसर माझ्याकडे. काम बरं होतं. बाहेर अंग भाजणारी हवा असताना आम्ही आत स्वेटर घालून हिंडायचो.

इराकने कुवेत घेतलं आणि काही आठवड्यांत सगळ्यांचा सूर बदलला. जवळच्या विमानतळावर अमेरिकन विमानं उतरायला लागली. सैन्याला दूध लागत होतं, म्हणून पाळ्या वाढल्या. त्याच सुमारास आमच्याकडचे येमेनी गेले. त्यांच्या देशाने चुकीची बाजू धरली, म्हणून त्यांच्या सवलती बंद झाल्या. वर्षानुवर्षं टँकर चालवणारी माणसं गाद्या गाडीच्या टपावर बांधून दक्षिणेला निघाली. त्यांचं काम आमच्या डोक्यावर आलं. वर आमच्याकडेही लोक संशयाने बघायचे. गेटवरचा पहारेकरी, जो आधी हसून हात करायचा, तो इकामा मागायला लागला. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो खिशात नसला तर माणूस कोणीच नाही. एकदा तो मला म्हणाला, "तुम्ही हिंदी लोक मनातून कोणाच्या बाजूचे?" मी म्हटलं, "आम्ही दुधाच्या बाजूचे." तो हसला नाही.

लढाई सुरू होण्याआधी कंपनीला गॅस मास्कचे खोके मिळाले. गोऱ्या मॅनेजरांना, सौदींना आणि ऑफिसातल्या लोकांना ते वाटले. दुल्हाभाईलाही मिळाला. आम्हाला सांगितलं, "तुमची पाळी नंतर." उरलेले खोके मेन स्टोअरमध्ये ठेवून कुलूप लावलं. त्या स्टोअरच्या भिंतीतून माझी पाइपलाइन जायची, म्हणून ते खोके मी जाळीतून रोज बघत होतो.

स्टोअरचा मुदीर म्हणजे तिथला प्रमुख. जाड भिंगाचा चष्मा लावणारा, कोणालाही सलामाचं उत्तर न देणारा माणूस. लढाईला तोंड लागल्याबरोबर तो बायकापोरांना घेऊन लांब पश्चिमेकडे, ताइफला नातेवाइकांकडे निघून गेला. किल्ल्या त्याच्या खिशातच राहिल्या.

रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली तशी आमच्याकडेही सायरन वाजायची. आम्ही कामगारांच्या कॅम्पमध्ये खिडक्यांना पॅकिंगची टेप लावली होती. सायरन झाली की ओला टॉवेल तोंडावर धरून बसायचं, असं कोणीतरी सांगितलेलं. एका संध्याकाळी आम्ही जेवायच्या तयारीत असताना सायरन झाली आणि दूध काढणारा एक बांगलादेशी, ज्याला आधीच दमा होता, तो टॉवेल तोंडावर धरूनच घुसमटायला लागला. टॉवेल काढायला तो तयार होईना. त्याला वाटत होतं की गॅस आलाच. डोळे बाहेर आलेले. बाकीचे ओरडत होते, रडत होते, कोणी कलमा पढत होतं.

मी माझी हातोडी आणि छिन्नी घेतली आणि स्टोअरचं कुलूप तोडलं. खोके उघडून मास्क बाहेर काढले आणि माणसांच्या हातात दिले. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्या बांगलादेश्याच्या तोंडावर मी स्वतः मास्क बांधला. गॅस नव्हताच, पण तो शांत झाला. पट्टा आवळताना त्याच्या मानेचा घाम माझ्या बोटांना लागला, तो मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून पर्सोनेल ऑफिसात गेलो आणि दुल्हाभाईला सगळं सांगितलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "कुलूप तोडलंस?"

"तोडलं. किल्ली ताइफला आहे."

"बरं," तो म्हणाला. "मी वर सांगतो. तू आता कोणाशी बोलू नकोस."

मी निश्चिंत होऊन कामावर गेलो. घरचा माणूस ऑफिसात आहे म्हटल्यावर भीती कसली?

काही दिवसांनी मुदीर परत आला. खोके मोजले तर कमी भरले. मी काढले त्याहून कितीतरी जास्त कमी. ते कुठे गेले हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. लढाईच्या आधी त्याच्या गाडीच्या डिकीत खोके चढताना मी पाहिले होते. पण स्टोअरचं कुलूप तुटलेलं होतं आणि ते तोडणारा मी होतो. त्याला आणखी काय हवं होतं?

पोलिसांनी मला कॉम्प्रेसर रूममधून नेलं. चौकीत माझ्यासाठी दुभाष्या म्हणून कंपनीने दुल्हाभाईला पाठवलं. त्याला बघून मला बरं वाटलं, हे सांगायलाही आता लाज वाटते. अधिकारी विचारत होता, मी उत्तर देत होतो, दुल्हाभाई अरबीत सांगत होता. शेवटी माझ्यापुढे अरबीत लिहिलेला जबाब आला.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"तू सांगितलंस तेच. सही कर. आज सुटशील."

अक्षरं मला वाचता येत होती. लहानपणी मशिदीत बसून आम्ही सगळेच अरबी वाचायला शिकतो, जेर-जबर या स्वरखुणांसकट. पण हाताने घाईत लिहिलेली, टिंबं गाळलेली ती अरबी मला लागेना. लागली असती तरी अर्थ कुठे कळत होता? मी सही केली आणि सुटलो नाही.

कोर्टात नेलं तेव्हा मला वाटलं होतं तिथे वकील असतील, लोक बसलेले असतील. आपल्याकडे निदान तसं ऐकून असतो. तिथे एक खोली होती, खाली गालिचा, एका टेबलामागे काझी. वकील नाही, पंच नाहीत. न्याय करायचा तो त्या एकट्या माणसाने. ते वयस्कर होते, त्यांना सर्दी झाली होती आणि ते सारखे रुमाल नाकाला लावत होते. एका बाजूला कंपनीतर्फे मुदीर बसला. माझ्या बाजूला दुल्हाभाई उभा राहिला. तो कंपनीच्याच गाडीतून, मुदीरच्या शेजारी बसून आला होता.

काझींनी विचारलं, मी कुलूप तोडलं का.

मी म्हटलं, "तोडलं. सायरन झाली होती. माणसं घाबरली होती. मास्क काढून मी त्यांना दिले."

दुल्हाभाई अरबीत बोलायला लागला. त्याचं बोलणं माझ्यापेक्षा लांबलं. आणि त्या बोलण्यात मला एक शब्द कळला. तिथे जुन्या गाड्या विकायला काढल्या की मागच्या काचेवर रंगाने एक शब्द लिहितात. रस्त्याच्या कडेला अशा गाड्या रांगेने उभ्या असतात आणि तो शब्द वाचून वाचून आम्हा सगळ्यांना पाठ झाला होता. 'बै', म्हणजे विक्री. दुल्हाभाईच्या तोंडून तो शब्द मी दोनदा ऐकला.

मी त्याच्याकडे वळलो. "तुम्ही काय सांगितलंत? मी विकले म्हणून सांगितलंत?"

"हळू बोल," तो मराठीत म्हणाला. "काझींसमोर आवाज चढवू नको."

"मी दिले. फुकट दिले."

"मी तेच सांगतोय. गप राहा."

मग मी थेट काझींकडे बघून, मान हलवत, अर्ध्या अरबीत अर्ध्या मराठीत म्हणालो, "बै नाही. बै नाही." माझा आवाज मोठा झाला असणार. शिपायाने माझा खांदा धरून मागे ओढलं. काझींनी काहीतरी विचारलं. दुल्हाभाईने ते मला सांगितलं, "ते विचारतायत, तू नमाज पढतोस, मग तुला अरबी कशी कळत नाही? आणि कळत नाही तर मध्ये कसा बोलतोस?"

नमाजात आयुष्यभर जे म्हणत आलो ते मला तोंडपाठ होतं, आणि ज्या भाषेत माझ्यावर चोरीचा आळ येत होता तीही तीच भाषा होती. मुदीर चष्मा पुसत बसला होता.

काझींनी शिक्षा सांगितली. कैद, फटके आणि कैद संपल्यावर देशाबाहेर. दुल्हाभाईने ती मला खालच्या आवाजात मराठीत सांगितली. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलाच्या पायाकडे बघत होता.

मग काझींनी आणखी एक प्रश्न विचारला.

"आता विचारतायत, निकाल मान्य आहे का," दुल्हाभाई म्हणाला. "हो म्हण. हो म्हटलंस की लवकर मोकळा होशील. फटक्यांचं मी बोलून बघतो. माझं ऐक, हो म्हण."

दुभाष्याशिवाय मला सांगता येईल असा एक अरबी शब्द होता. मी काझींकडे बघितलं आणि म्हटलं, "ला." म्हणजे नाही.

दुल्हाभाईने घाईघाईने काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण काझींनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा म्हटलं, "ला." त्यांनी लिहून घेणाऱ्याला खूण केली. निकाल मान्य नाही, अशी नोंद झाली. नंतर कळलं की त्या एका शब्दामुळे मला वरच्या कोर्टाकडे दाद मागायचा हक्क मिळाला होता, फक्त ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यायला हवी होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

बाहेर व्हरांड्यात बेड्या घालत असताना दुल्हाभाई जवळ आला. "तू स्वतःचं वाटोळं करून घेतलंस."

मी त्याच्या तोंडावर थुंकलो. थुंकी त्याच्या दाढीवर पडली. त्याबद्दल मला कधीच वाईट वाटलेलं नाही.

तुरुंगात आमच्या बराकीत सगळ्या देशांचे लोक होते आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर उखडलेला. लढाईच्या बातम्यांवरून रोज कोणाची तरी गचांडी धरली जायची. इराकच्या बाजूने कोणी शब्द काढला की एक सुदानी आणि एक पाकिस्तानी भिडायचे. मला सगळे 'मास्कवाला' म्हणत. सायरन झाली की आम्ही आत कोंडलेले आणि पहारेकरी मास्क लावून बाहेर. त्यातला एक गजापाशी येऊन मास्कमधूनच ओरडला, "ए मास्कवाल्या, तुझा कुठाय?" बराकीतले सगळे हसले. एकही माणूस माझ्या बाजूने काही बोलला नाही. मीही नंतर कोणाच्या भांडणात बोललो नाही.

माझा थोरला भाऊ जेद्दात होता. तिथल्या शराफिया भागात एका खानावळीत तो भटारी होता. मच्छीचं कालवण चांगलं करायचा, आपली माणसं लांबून यायची. त्याला निरोप पोचला आणि तो बसने एवढा लांबचा पल्ला गाठून, वाटेत दर नाक्यावर इकामा दाखवत आला. मधे जाळी, पलीकडे तो. डोळे तांबारलेले. सलाम नाही, काही नाही.

"तुला कोणी सांगितलं होतं पुढारी व्हायला?" तो म्हणाला. "मरत होते ते मरू देत. तू कोण लागून गेलास त्यांचा?"

"भाई, मी विकले नाहीत."

"ते मला सांगतोस? मला माहीत नाही?" मग त्याने जाळीला कपाळ टेकलं. "मी आधी त्याच्याकडे गेलो होतो. दुल्हाभाईकडे. म्हटलं, काझींना सांगून टाका, ऐकण्यात चूक झाली. तो म्हणाला, याने स्वतः कबूल केलंय, मी काय करू? माझ्यापुढे चहा ठेवला. मी तसाच उठलो."

"आणि आपले लोक?"

"कॅम्पवर गेलो होतो," भाई म्हणाला. "एकेकाला विचारलं, याने तुम्हाला मास्क फुकट दिले की नाही, येऊन सांगा. दारं लावून घेतली माझ्या तोंडावर. पोलिसांनी सगळ्यांचे मास्क काढून नेले, एकेकाला दमात घेतलं. तुझं नाव घेऊन शिव्या देतात."

"तो बांगलादेशी?"

"तो सगळ्यात जास्त देतो."

मला हे खरं वाटेना. आज वाटतं. ज्याच्या हातात मी काही दिलं आणि जे त्याच्याकडून पोलिसांनी हिसकावून घेतलं, त्याला पोलिसांवर राग काढता येत नव्हता. माझ्यावर येत होता. कारण कळतं, पण म्हणून मन साफ होत नाही. मी त्या माणसांना कधी माफ केलं नाही.

भाईने जेद्दाच्या खानावळीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीने रियाधला एका इजिप्शियन माणसाला गाठलं. तो कोर्टाच्या बाहेर खुर्ची टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. आधी कुठेतरी कायदा शिकवत होता म्हणे. भाईला हिंदी आणि खानावळीतली अरबी यायची, तेवढ्यावर त्याने सगळी हकीकत सांगितली: सायरन, दमा, छिन्नी, ताइफ. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यातलं काहीच उपयोगाचं नाही. मग त्याने विचारलं, फिर्याद कोणाची? भाई म्हणाला, कंपनीची. दुभाष्याला पगार कोण देतं? भाई म्हणाला, कंपनीच. तो माणूस म्हणाला, आता लिहितो.

त्याने लिहिलेली हरकत भाईने मला पुढच्या भेटीत तोंडी समजावून सांगितली. आरोपीचं म्हणणं काझींपर्यंत पोचलंच नाही, कारण ते पोचवणारा माणूस फिर्यादीचा नोकर होता. दुभाष्या हा साक्षीदारासारखा धरायचा असतो. तो निःपक्ष असावा, आणि एकटा नसावा. आरोपीने कोर्टातच 'विक्री' या शब्दाला हरकत घेतली होती, तिचा विचार झाला नाही. म्हणून हा खटला न्यायाने चाललेला नाही, तो पुन्हा चालवावा. मी निर्दोष आहे असं त्यात कुठेही नव्हतं.

"असं कसं?" मी भाईला म्हणालो. "मी चोरी केली नाही हे लिहायला नको?"

"मीही तेच म्हटलं," भाई म्हणाला. "तो म्हणाला, वरच्या कोर्टाला तुझा भाऊ चांगला की वाईट यात रस नाही. त्यांना त्याची सुनावणी नीट झाली की नाही एवढंच बघायचंय."

मला ते आवडलं नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं की चोर तो मुदीर आहे. पण माझ्या हातात काही नव्हतं. भाईने मुदत संपायच्या आत हरकत दाखल केली आणि तो जेद्दाला परत गेला. जाताना म्हणाला, "आईचं पत्र आलंय. तू आपाच्या नवऱ्यावर थुंकलास म्हणे. दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालंय."

लढाई संपली. रमजान तुरुंगात गेला. रोजे सोडायला खजूर मिळायचा आणि त्यावरूनही मारामाऱ्या व्हायच्या. ईद झाल्यावर एके दिवशी मला बाहेर काढून पुन्हा त्याच कोर्टात नेलं. वरच्या कोर्टाने माझा निकाल शेरा मारून परत पाठवला होता: कंपनीशी संबंध नसलेले दोन दुभाषे घेऊन पुन्हा ऐका.

काझी तेच. आता त्यांना सर्दी नव्हती. दुभाषे दोघे पाकिस्तानी, एक मशिदीत इमाम होता, दुसरा शाळेत शिकवणारा. मला उर्दूत बोलावं लागणार होतं. माझी उर्दू धड नव्हती, पण यावेळी प्रत्येक वाक्यानंतर ते दोघे एकमेकांकडे बघून, मान हलवून मगच अरबीत सांगत. मुदीर आला होता. मागे भिंतीपाशी दुल्हाभाई बसला होता; त्यालाही बोलावलं होतं.

"कुलूप तोडलंस?" काझींनी विचारलं.

"तोडलं."

"परवानगी होती?"

"नव्हती."

"मास्क विकलेस?"

"नाही. माणसांना दिले. सायरन झाली होती."

काझी मुदीरकडे वळले. "याने विकले असतील तर विकत घेणारा कोणीतरी असेल. त्याला आणा."

मुदीर म्हणाला, याने पोलिसांसमोर कबूल केलंय.

"तो कबुलीजबाब कोणी समजावला? तुमच्याच माणसाने. घेणारा आणा."

मुदीरने आणलेला कोणी नव्हता. मग काझींनी त्याला विचारलं, सायरन होत होत्या त्या दिवसांत किल्ल्या कुठे होत्या. मुदीर म्हणाला, माझ्याकडे. आणि तुम्ही? ताइफला. काझींनी ते लिहून घ्यायला सांगितलं. दोघे दुभाषे खाली बघत होते. मुदीरचा चेहरा लाल झाला. माझ्या त्या सगळ्या महिन्यांत मला आनंद झाला तो तेवढाच.

शेवटी काझींनी दुल्हाभाईला पुढे बोलावलं. हा माणूस दिले म्हणतो, तू विकले का सांगितलंस?

दुल्हाभाई सावकाश चालत आला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग अरबीत उत्तर दिलं. इमामाने ते मला उर्दूत सांगितलं, "ते म्हणतात, तुमच्या भाषेत देणे आणि विकणे यांना एकच शब्द आहे. म्हणून गफलत झाली."

"खोटं आहे," मी म्हणालो. "आमच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. लहान पोरालाही माहीत असतात." मी मराठीत ते दोन्ही शब्द म्हणून दाखवले. इमामाने खांदे उडवले. त्याला मराठी कुठे येत होती? शिक्षकालाही येत नव्हती. मी दुल्हाभाईला मराठीत म्हणालो, "एवढं तरी खरं सांगा. भाषेवर तरी खोटं ढकलू नका."

तो मराठीत, शांतपणे म्हणाला, "तुझं काम झालंय. आता माझं बिघडवू नको."

काझींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आम्ही काय बोललो ते त्यांनी विचारलं नाही. कदाचित त्यांना ते पुन्हा दुल्हाभाईच्याच तोंडून ऐकायचं नसेल. त्यांनी निकाल दिला. चोरी आणि विक्री सिद्ध नाही, फटके रद्द, देशाबाहेर काढणंही रद्द. परवानगीशिवाय कुलूप तोडलं ही चूक, पण तिला आजवरची कैद पुरे. निकाल मान्य आहे का, असं यावेळी इमामाने विचारलं. मी हो म्हटलं. मुदीरनेही मान्य आहे म्हटलं. तोऱ्याने उठून, माझ्या नावाने हात झटकल्यासारखं करत तो गेला.

कोर्टाने देशाबाहेर काढणं रद्द केलं खरं, पण माझा कफील कंपनीच होती. कफील म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर परदेशी माणूस तिथे राहतो तो. कंपनीने सांगितलं, आम्हाला हा माणूस नको. त्यावर अपील नव्हतं. पासपोर्टवर कायमचं परत जाण्याचा शिक्का बसला. तो शिक्का मारून आणायचं काम पर्सोनेल ऑफिसचं, म्हणजे दुल्हाभाईचं. पासपोर्ट त्याने एका ड्रायव्हरच्या हाती पाठवला. स्वतः आला नाही. भाई विमानतळावर आला होता, शराफियातून आणलेल्या पिशवीभर कपड्यांसह. मला मिठी मारली आणि म्हणाला, "घरी गेल्यावर यातलं कोणाला काही सांगू नको. आपाला त्या घरात राहायचंय."

मी सांगितलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं, मशिदीबाहेर, चार लोकांसमोर. काही जणांनी विश्वास ठेवला. बरेच जण म्हणाले, व्हिसा देणाऱ्याचेच पांग हा असे फेडतो.

मी बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत लागलो, अजूनही तिथेच आहे. दुल्हाभाई पुढे पुष्कळ वर्षं सौदीत राहिला, मग कायमचा परत आला. दोन्ही गावांच्या लग्नांत, मय्यतींत आम्ही समोरासमोर येतो. तो सलाम करतो. मी उत्तर देत नाही. लोक मला समजावतात, आता म्हातारा झाला, सोडून दे. मी म्हणतो, म्हातारा मीही झालो.

एकदा त्याने मला एसटी स्टँडवर गाठलं. म्हणाला, "मुदीरने मला सांगितलं होतं, एक तर तो जाईल, नाहीतर तू. मला तीन मुली होत्या. तू काय केलं असतंस?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तुमच्या जागी नव्हतो. मी शेजारी उभा होतो."

तो आणखी काही बोलणार होता, पण माझी गाडी लागली आणि मी चढलो.

वाईट वाटतं ते आपाचं. मी लहान असताना खाडी उतरून जत्रेला जायचं तेव्हा ती मला कडेवर घ्यायची. त्या भांडणानंतर ती आमच्या दारात आली नाही. माझ्या आईच्या मय्यतीला आली तेव्हा बायकांत बसली, रडली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मागच्या वर्षी बाजारात अचानक समोर आली. हातात भाजीची पिशवी, केस सगळे पांढरे. मी "आपा" म्हटलं. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, ओठ हलले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे चालू लागली.